मार्क बेर्नेसला गाता येत होतं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. जुनी सोव्हिएत युद्धगीतं ऐकायला लागलं की मार्क बेर्नेस हे नाव फिरून फिरून समोर येतं. आवाज बेताचा, फिरत नाही, जोर नाही. तरी त्या पिढीचे रशियन लोक त्याचं नाव निघालं की हळवे होतात. तो मुळात नट होता की गायक? एवढा लोकप्रिय कशामुळे झाला? आणि ऐकायची सुरुवात कुठून करावी?

मी नटांना गाणं शिकवतो. गायकांना नाही, नटांना. ज्यांना प्रयोगात एखाददुसरं गाणं म्हणायचंय, ज्यांचा गळा एका सप्तकाच्या पलीकडे जात नाही आणि ज्यांना शाळेत कुणीतरी ‘तू फक्त ओठ हलव’ असं सांगितलेलं असतं, अशी मंडळी माझ्याकडे येतात. त्यामुळे बेर्नेसची ध्वनिमुद्रणं हा माझ्यासाठी नुसता आवडीचा विषय नाही, शिकवण्याचा भाग आहे. म्हणून उत्तर जरा लांबणार.

तो नट होता. शेवटपर्यंत नटच राहिला. आणि त्याला गाता येत होतं, फक्त त्याला जे येत होतं त्याला आपण सहसा ‘गाणं येणं’ म्हणत नाही. त्याहीपेक्षा मोठी गोष्ट अशी की त्याला गाणं निवडता येत होतं, आणि निवडलेलं गाणं आपल्याला हवं तसं होईपर्यंत कवी-संगीतकारांचा पिच्छा पुरवता येत होता. त्याची अर्धी कीर्ती तिथे आहे.

जन्म ८ ऑक्टोबर १९११, नेझिन नावाच्या लहान गावात. आज ते युक्रेनमध्ये आहे. रशियन लेखक गोगोल इथल्या शाळेत शिकला, एवढीच त्या गावाची तोवरची ख्याती. घर ज्यू, मूळ आडनाव नेइमान, वडील भंगार-रद्दी गोळा करणाऱ्या संस्थेत कामाला. मार्क लहान असतानाच कुटुंब खार्कोव्हला गेलं. आईवडिलांची इच्छा त्याने हिशेबनीस व्हावं अशी. पंधराव्या वर्षी पोरगा नाटक बघून आला आणि हिशेब संपला. नाटकाच्या जाहिराती भिंतींवर चिकटवण्याचं काम त्याने पत्करलं, मग गर्दीत उभं राहण्याचं. अठराच्या आसपास मॉस्को गाठलं आणि तिथल्या मोठ्या नाट्यगृहांत पुन्हा गर्दीतला माणूस म्हणून उभा राहिला. ‘बेर्नेस’ हे रंगभूमीसाठी घेतलेलं नाव. रीतसर गायनाचं शिक्षण कधीच नाही, आणि अभिनयाचं बरंचसं नाट्यगृहाच्या विंगेत उभं राहूनच मिळालं.

चित्रपटात तो १९३० च्या दशकाच्या मध्यावर आला. किरकोळ कामं. नशीब उघडलं ते सेर्गेई युतकेविचच्या १९३८ च्या ‘बंदूकवाला माणूस’ या चित्रपटात. क्रांतीच्या दिवसांतलं पेत्रोग्राद, लेनिन, मोर्चे, असा सगळा राजकीय थाट. बेर्नेसच्या वाट्याला कोस्त्या झिगुल्योव्ह नावाचा कारखान्यातला तरुण आला, आणि तोही कागदावर जेमतेमच. त्याने या पोराला अंग दिलं ते एका गाण्याने. चित्रपटाला संगीत होतं खुद्द शोस्ताकोविचसारख्या नामवंत संगीतकाराचं, पण लोकांच्या तोंडी बसलं ते मात्र पावेल आर्मांदने लिहून चाल लावलेलं ‘शहरावर ढग दाटले’ हे गाणं. आर्मांद संगीतकार नव्हे, युतकेविचचा सहकारी दिग्दर्शक! बेर्नेस या गाण्यासाठी अकॉर्डियन शिकला. गाणं इतकं सहज वाटलं की पुष्कळांना ते क्रांतीच्या आधीचं जुनं कामगारगीतच वाटलं.

इथे जरा थांबतो, कारण पुढच्या सगळ्याचं बीज इथे आहे. त्या काळातली सोव्हिएत चित्रपटगीतं बहुतेक उभं राहून म्हणायची असत. छाती पुढे, नजर क्षितिजावर, मागे वाद्यवृंद. कोस्त्या मात्र चालता चालता, स्वतःशी गुणगुणल्यासारखं गातो. तो ‘गाणं सादर’ करत नाही. त्या पोराला त्या क्षणी गावंसं वाटलं म्हणून तो गातो. माझ्याकडे येणाऱ्या नटांना हा एवढा फरक कळायला कधीकधी महिने लागतात. ‘गाणं आलं’ की त्यांचे खांदे वर जातात, मान ताठ होते आणि आत्तापर्यंत छान बोलणारं पात्र मंचावरून नाहीसं होतं.

दुसऱ्या वर्षी, १९३९ मध्ये, ‘लढाऊ वैमानिक’ हा चित्रपट आला. त्यात बेर्नेस वैमानिक कोझुखारोव्ह. एका मुलाला वाचवताना त्याची दृष्टी जाते. त्यात पियानोवर बसून तो ‘लाडकं शहर’ हे गाणं म्हणतो. चाल निकिता बोगोस्लोव्स्कीची, शब्द येव्गेनी दोल्मातोव्स्कीचे. लाडक्या शहराने निवांत झोपावं, असा गाण्याचा आशय. दोन वर्षांच्या आत, जून १९४१ मध्ये, जर्मन विमानं त्याच शहरांवर आली. हे गाणं ज्यांनी शांततेत पाठ केलं होतं त्यांना ते युद्धात किती वेगळं ऐकू आलं असेल, याची कल्पना करून मग ते ऐका.

आणि मग ‘दोन सैनिक’. बेर्नेसबद्दल एकच गोष्ट सांगायची वेळ आली तर मी या चित्रपटाची सांगेन.

युद्धात सोव्हिएत चित्रपटसंस्था पूर्वेकडे हलवल्या होत्या. दिग्दर्शक लिओनिद लुकोव्ह ताश्कंदमध्ये काम करत होता आणि चित्रपट होता लेनिनग्राडच्या आघाडीवरचा. दोन मित्र. एक उरलकडचा, दांडगा, अबोल साशा; ते काम बोरिस आंद्रेयेव्हने केलं. दुसरा ओडेसाचा, बडबड्या, मिश्कील आर्कादी झ्यूबिन, म्हणजे बेर्नेस. ओडेसाच्या माणसाची बोलण्याची एक ढब असते, आणि बेर्नेस काही तिथला नव्हता. तो ताश्कंदच्या लष्करी रुग्णालयात जाऊन ओडेसाच्या जखमी सैनिकांजवळ बसायचा, ऐकायचा, लकबी उचलायचा. तरी झ्यूबिन सापडेना. मग म्हणे एका नवख्या केशकर्तनकाराने त्याचे केस भलतेच कापले, आणि आरशात तो माणूस दिसला. हा किस्सा नट लोक फार रंगवून सांगतात. रंग सोडला तरी आतली गोष्ट खरी वाटते. बाहेरचं काहीतरी क्षुल्लक जुळलं की आतलं आपोआप जुळतं, हा अनुभव प्रत्येक नटाला असतो.

पटकथेत गाणं नव्हतं. जमिनीखालच्या खंदकखोलीत एक सैनिक घरी पत्र लिहितो, असा प्रसंग होता आणि तो काही केल्या उभा राहत नव्हता. लुकोव्ह रात्री बोगोस्लोव्स्कीकडे गेला आणि म्हणाला, इथे गाणं लागेल. बोगोस्लोव्स्कीने पुढे सांगितलेली हकिकत अशी की तो पियानोवर बसला आणि चाल जवळजवळ एका दमात आली. कवी व्लादिमिर अगातोव्हला बोलावलं, त्याने तिथेच बसून शब्द लिहिले. एरवी बेर्नेस एक गाणं पचवायला आठवडेच्या आठवडे घ्यायचा. हे मात्र त्याने पंधरा-वीस मिनिटांत घेतलं. रात्रीच गिटारवर ध्वनिमुद्रण झालं आणि दुसऱ्या दिवशी त्यावर चित्रीकरण. गाण्याचं नाव ‘काळोखी रात्र’. त्याच्या तबकडीची पहिली मेणाची साचा-चकती खराब निघाली, कारण मुद्रण करणाऱ्या बाईचे अश्रू तिच्यावर पडले होते, अशीही एक दंतकथा आहे. ती खरी असो नसो, लोकांना ती सांगावीशी वाटली यातच सगळं आलं.

आता ते गाणं कानाजवळ घेऊन बघू. गाण्यात घडतं ते एवढंच: रात्र आहे, माळरानावर गोळ्यांची शीळ, तारांतून वाऱ्याचा आवाज. दूर कुठेतरी बायको जागी आहे, बाळाच्या पाळण्याशी बसून चोरून डोळे पुसते आहे. तो तिला सांगतो आहे की तू वाट बघते आहेस म्हणून मला काही होणार नाही. बेर्नेस पहिले दोन शब्द बोलल्यासारखे ठेवतो आणि थांबतो. मग पुढचे. सुरावर रेंगाळायची मुभा चाल देते, तो ती फारशी घेत नाही. प्रत्येक ओळ अशी येते की जणू पुढची ओळ त्याला अजून माहीत नाही. दुसऱ्या भागात, जिथे तिच्या डोळ्यांची आठवण येते, चाल वर चढते. कोणताही तयार गळा तिथे उघडला असता. तो आवाज मोठा करत नाही, उलट जपून वर नेतो. आघाडीवरच्या खंदकात रात्री कुणी मोठ्याने गात नाही, आणि शेजारी थकलेली माणसं झोपलेली असतात. आवाजाचा आकार प्रसंगाने ठरवला, गळ्याने नाही.

व्यंजनं ऐका. शब्दाच्या शेवटचं व्यंजन तो कधीच गिळत नाही. हे साधं वाटतं, पण सूर धरून ठेवायच्या नादात गाणारे पहिल्यांदा व्यंजनाचाच बळी देतात. माझ्या वर्गात मी नटाला कोणत्याही गाण्याची पहिली दोन कडवी आधी समोरच्या माणसाला नुसती सांगायला लावतो, चाल न लावता, आणि मग त्याच श्वासांच्या जागा ठेवून गायला लावतो. बेर्नेसच्या गाण्यात श्वास तिथेच आहे जिथे बोलताना घेतला असता. बहुतेक वेळा तो तालाच्या किंचित मागे असतो, पण साथ त्याला सोडून पुढे जात नाही. गिटारवाल्याने त्याचं बोलणं ऐकत वाजवावं अशी ती रचना आहे.

त्याच चित्रपटात दुसरं गाणं आहे, मासे भरलेल्या होड्या आणि कोस्त्या नावाच्या ओडेसाच्या कोळ्याचं. खट्याळ, ठसकेबाज. तेही बोगोस्लोव्स्की आणि अगातोव्हचंच. ओडेसाचा अस्सल पोर, लिओनिद उत्योसोव्ह, यानेही ही दोन्ही गाणी गायली आणि त्याची कीर्ती तेव्हा बेर्नेसपेक्षा मोठी होती. दोघांची मुद्रणं लागोपाठ ऐकून बघा. उत्योसोव्ह मैफल जमवतो. बेर्नेस एका माणसाशी बोलतो. मला दोन्ही आवडतात, पण ‘काळोखी रात्र’ हे एका माणसाशी बोलायचंच गाणं आहे.

हीच गाणी पुढे अडचणीत आली, हे आज ऐकताना लक्षात येत नाही. होड्यांच्या गाण्यावर ‘गुंडांच्या गल्लीतलं’ असा शेरा बसला. लुकोव्हच्या ‘मोठं आयुष्य’ या चित्रपटाच्या पहिल्या भागात बेर्नेस होता. दुसऱ्या भागावर सप्टेंबर १९४६ मध्ये कम्युनिस्ट पक्षाच्या मध्यवर्ती समितीने जाहीर ठराव करून बंदी घातली, आणि त्या ठरावात बोगोस्लोव्स्कीच्या गाण्यांतली ‘दारूच्या गुत्त्यातली उदासी’ हाही एक गुन्हा होता. ‘काळोखी रात्र’चा कवी अगातोव्ह १९४९ मध्ये पकडला गेला आणि काही वर्षं छावणीत राहिला. गाणं मात्र गायलं जात राहिलं.

बेर्नेस स्वतः त्या वर्षांत सरकारी मर्जीतच होता. ‘मोठं वळण’ या युद्धपटात त्याने ‘मिनुत्का’ टोपणनावाचा मोटारचालक केला. तुटलेली दूरध्वनीची तार जोडताना तो मरतो, आणि तारेची टोकं दातांत धरून ठेवतो. या चित्रपटाला १९४६ च्या पहिल्या कान महोत्सवात पारितोषिक मिळालं. १९५१ मध्ये ‘मॉस्कोपासून दूर’ मधल्या कामासाठी स्टालिन पारितोषिकही मिळालं. या काळातल्या भूमिकांवर मी फार वेळ घालवणार नाही. चित्रपट कमी निघत होते, जे निघत ते चौकटीतले होते, आणि बेर्नेससारख्या सैल, घरगुती ढंगाच्या नटाला चौकटीत काही करता येत नसे.

१९५६ हे वर्ष त्याच्यासाठी तुटण्याचंही आहे आणि जोडण्याचंही. त्याची पहिली पत्नी कर्करोगाने गेली. मुलगी अवघी तीन वर्षांची. त्याच वर्षी ‘वेगवेगळी नशिबं’ या चित्रपटातली बोगोस्लोव्स्कीची विराणी आली, जी पडद्यावर एक वयस्क संगीतकार म्हणतो, आणि बेर्नेसने ती आपली करून टाकली. वर्षअखेरीस फ्रान्सहून इव्ह मोंतां मॉस्कोत आला. तोही नट-गायक, तोही बोलल्यासारखं गाणारा. त्याच्या स्वागतासाठी ‘दूरचा मित्र गातो तेव्हा’ हे गाणं झालं, बोरिस मोक्रोउसोव्हची चाल, याकोव्ह खेलेम्स्कीचे शब्द, आणि गायला बेर्नेस. तिथून पुढे तो मैफलींतला माणूस झाला. चित्रपट असला काय, नसला काय.

आपल्याकडे हे समजायला जरा कष्ट पडतात. पार्श्वगायन रुळल्यापासून पडद्यावरचा चेहरा एकाचा आणि गळा दुसऱ्याचा, हे आपण गृहीतच धरलं. ‘प्रभात’च्या सुरुवातीच्या दिवसांत शांता आपटे स्वतः गात, पण तो रस्ता पुढे बंद झाला. सोव्हिएत चित्रपटात नटाने स्वतः गाणं हे बरंच टिकलं. म्हणून १९५४ मध्ये तिथे ‘आवारा’ लागला आणि राज कपूरचं गाणं गल्लोगल्ली गेलं, तेव्हा पुष्कळ प्रेक्षकांनी तो आवाजही त्याचाच समजला असावा. बेर्नेसच्या देशात तसं समजणं स्वाभाविकच होतं.

आता त्याचा खरा उद्योग सांगतो. बेर्नेस कविता वाचायचा. वर्तमानपत्रात, मासिकात, जिथे दिसेल तिथे. एखादी आवडली की कवीला फोन. कोन्स्तान्तिन वानशेंकिनची ‘जीवना, माझं तुझ्यावर प्रेम आहे’ ही कविता त्याने अशीच उचलली. कडवी कापायला लावली. एदुआर्द कोल्मानोव्स्कीकडून चाल घेतली, नाकारली, पुन्हा मागितली. त्याच्याबरोबर काम केलेल्या लोकांच्या आठवणींत कौतुक आणि वैताग जोडीने येतात. रात्री-अपरात्री फोन करून तो एका ओळीवरून डोकं खायचा. हट्टी होता, शंकेखोर होता, आणि कवीला त्याच्या कवितेतलं नको ते दाखवण्याची त्याला भीड नव्हती. पण दुसऱ्याची कविता स्वतःच्या तोंडातून खरी वाटली पाहिजे हा नटाचा हट्ट आहे. संवाद बदलून मागणारा नट जसा लेखकाला नकोसा होतो, तसाच हा.

१९५८ मध्ये त्याच्यावर चहूबाजूंनी तुटून पडले. ‘कोम्सोमोल्स्काया प्रावदा’ या वर्तमानपत्रात ‘व्होल्गातला तारा’ असा खवचट लेख आला. व्होल्गा म्हणजे त्याची मोटार. रस्त्यावरचा नियमभंग आणि पोलिसाशी वाद, एवढ्यावरून त्याला मस्तवाल ठरवलं. त्याच सुमारास पक्षाच्या ‘प्रावदा’ या वर्तमानपत्रात संगीतकार गेओर्गी स्विरिदोव्हचा संगीतातला सवंगपणा उपटून काढा अशा सुराचा लेख आला, त्यातही बेर्नेसला धरलं. यामागे एक मैफल असल्याचं सांगितलं जातं. सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्ह हजर होता, प्रत्येकाला दोनच गाणी ठरली होती, बेर्नेस दोन म्हणून निघून गेला आणि टाळ्यांना परत आला नाही, ते वरच्या मंडळींना खटकलं. कारण काहीही असो, पुढचा काही काळ त्याला काम मिळणं अवघड झालं.

आणि यातून बाहेर पडताना त्याने काय निवडलं बघा. मिखाइल इसाकोव्स्कीची एक कविता होती, युद्ध संपलं त्या वर्षीची. सैनिक विजयी होऊन घरी येतो. घर शत्रूने जाळलेलं, माणसं मारलेली. तो बायकोच्या थडग्यापाशी बसतो, पिशवीतून बाटली काढतो, तिच्याशी बोलतो, तांब्याच्या पेल्यातून पितो. छातीवर बुडापेस्टच्या विजयाचं पदक चमकतं. कविता १९४६ मध्ये छापली गेली, मात्वेई ब्लांतेरने चालही लावली, आणि लगेच ‘निराशावादी’ म्हणून बाजूला सारली गेली. विजयाच्या देशात असा सैनिक नको होता. १९६० मध्ये बेर्नेसने मॉस्कोत लुझ्निकीच्या क्रीडाप्रासादात, हजारो लोकांसमोर, संगीताच्या करमणुकीच्या कार्यक्रमात ते म्हटलं. लोक उभे राहिले. हजारो घरांत हे दुःख पंधरा वर्षं होतं आणि त्याला सार्वजनिक जागा नव्हती. ऐकताना एवढंच ध्यानात घ्या की बेर्नेस त्या सैनिकाची कीव करत नाही आणि स्वतः रडत नाही. वृत्तान्त सांगावा तसा तो सांगतो. नटाने मंचावर रडायला सुरुवात केली की प्रेक्षक सुटतो, हे नटांना सांगून सांगून माझं तोंड दुखलं आहे.

पुढच्याच वर्षी येव्गेनी येव्तुशेन्को आणि कोल्मानोव्स्कीचं ‘रशियनांना युद्ध हवं आहे का?’ आलं. त्यालाही लष्कराच्या राजकीय विभागातून आक्षेप होता. सैनिकांचं मनोबल खचेल म्हणे. बेर्नेसने ते लावून धरलं, आणि नंतर तेच गाणं सरकार परदेशी पाहुण्यांना कौतुकाने ऐकवू लागलं. मला स्वतःला ते जरा भाषणासारखं वाटतं. १९६८ च्या ‘ढाल आणि तलवार’ या हेरपटातलं ‘मायदेश कुठून सुरू होतो’ हे त्यापेक्षा बरं. देशभक्तीचं गाणं असूनही ते पुस्तकातल्या चित्रापासून आणि गल्लीतल्या सवंगड्यांपासून सुरू होतं.

शेवटचं गाणं ‘क्रौंच’. कॉकेशसमधल्या दागेस्तानचा कवी रसूल गमझातोव १९६५ मध्ये हिरोशिमात होता. किरणोत्साराने मेलेल्या सादाको सासाकी या मुलीचं स्मारक, तिचे कागदी क्रौंच, हे सगळं त्याने पाहिलं, आणि तिथेच त्याला आई गेल्याची तार मिळाली. कविता त्याने त्याच्या अवार भाषेत लिहिली. रशियन रूप नाउम ग्रेब्न्योवने केलं, जो स्वतः युद्धात जखमी झालेला होता. ती १९६८ मध्ये ‘नोवी मीर’ या मासिकात छापून आली आणि बेर्नेसने नेहमीप्रमाणे फोन उचलला. कॉकेशसमधल्या घोडेस्वार वीरांना उद्देशणारा शब्द काढून तिथे सरळ ‘सैनिक’ करा, असं त्याने सुचवलं. कविता लहानही करवून घेतली. गमझातोवने मान्य केलं. एका डोंगरी प्रदेशाचं गाणं त्या एका बदलाने अख्ख्या देशाचं झालं: पडलेले सैनिक मातीत गेले नाहीत, पांढरे क्रौंच होऊन उडत आहेत, आणि त्यांच्या रांगेत एक जागा मोकळी आहे, कदाचित माझ्यासाठी. चाल यान फ्रेंकेलने केली. त्याला ती लगेच सापडली नाही, शब्दांशिवायची सुरावट सुचली तेव्हा कुठे गाणं जमलं.

तोवर बेर्नेसला फुप्फुसाचा कर्करोग झालेला होता. ८ जुलै १९६९ रोजी त्याने ते ध्वनिमुद्रित केलं, आणि पुन्हा म्हणायची ताकद नव्हती म्हणून पहिलंच मुद्रण ठेवलं. १६ ऑगस्टला तो गेला. वय सत्तावन्न. अंत्यविधीत भाषणं नकोत, माझी चार गाणी लावा, असं त्याने सांगून ठेवलं होतं, आणि त्या चारांत ‘क्रौंच’ होतं. मॉस्कोच्या नोवोदेविची दफनभूमीत त्याची समाधी आहे. पुढे सोव्हिएत संघात ठिकठिकाणी युद्धस्मारकांवर उडते क्रौंच दिसू लागले, ते या गाण्यामुळे.

त्या मुद्रणाभोवती आजाराची एवढी गोष्ट गोळा झाली आहे की लोक ते ऐकतात तेव्हा फक्त मरणारा माणूस ऐकतात. थोडं बाजूला सारून ऐका. श्वास अपुरा आहे हे खरं, ओळी लहान तुकड्यांत येतात. पण तुकडे कुठेही अर्थ मोडून पडत नाहीत. उभ्या आयुष्यात त्याने श्वासाची जागा बोलण्यावरून ठरवली होती, म्हणून शेवटी श्वास कमी पडला तरी गाणं पडलं नाही. केवळ गळ्यावर उभा असलेला गायक त्या अवस्थेत गाऊच शकला नसता.

आता ऐकायचं कसं. ‘क्रौंच’पासून सुरुवात करू नका, ते शेवटी. आधी ‘दोन सैनिक’ चित्रपट बघा, गाणं त्याच्या प्रसंगात ऐका, कारण तबकडीवरचं सुटं गाणं आणि खंदकातलं गाणं यांत फरक पडतो. मग ‘शहरावर ढग दाटले’, मग १९६० नंतरचं इसाकोव्स्कीचं गाणं. शब्दांचा अर्थ आधी वाचून घ्या आणि मग कागद बाजूला ठेवा. एकाच गाण्याची त्याची वेगवेगळ्या वर्षांची मुद्रणं मिळतात. जमलं तर आधीचं घ्या, साथ कमी असलेलं. पुढच्या काही मुद्रणांत मागे भलामोठा वाद्यवृंद उभा केला आहे आणि बेर्नेसला त्याच्याशी झटावं लागतं. काही आधुनिक प्रतींत तर जुन्या आवाजावर नवा घुमारा चढवला आहे. त्या टाळाच. घुमाऱ्यात व्यंजनं बुडतात, आणि त्याची व्यंजनं बुडाली की हातात खरोखरच बेताचा गळा तेवढा उरतो.